सुरक्षा परिषद भरली किनाऱ्यावर

"भाई, एका दिवसासाठी तुम्हाला ब्रिटन व्हावं लागेल."

आमच्याकडच्या एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडमचा हा फोन. पाऊस धो धो कोसळत होता, त्यामुळे ऐकण्यात काही चूक झाली असं आधी मला वाटलं. कवीला लोक काय काय व्हायला सांगतात. परीक्षक, सूत्रसंचालक, ऐनवेळी आभार मानणारा. देश व्हायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मग उलगडा झाला. अकरावी-बारावीची मुलं 'अभिरूप सुरक्षा परिषद' भरवणार होती. अभिरूप न्यायालय आपल्याकडे साहित्य संमेलनांतून होतं, युवा संसद शाळांतून होते, तसाच हा प्रकार. मुलांनी देश व्हायचं, संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमांनी चर्चा करायची, ठराव लिहायचा, मतदान करायचं. परिषदेचं अध्यक्षपद सदस्य देशांकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने महिना-महिना फिरतं. ज्या महिन्याची बैठक भरवायची होती, त्या महिन्यात ते ब्रिटनकडे होतं. अध्यक्ष वयस्क हवा, म्हणून मी.

ही कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघ आला आणि १९२०च्या दशकातच अमेरिकेतले विद्यार्थी त्याची नक्कल करू लागले. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची अशी परिषद १९५५पासून भरते. आता मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांत तिचं पेव फुटलंय. कोट, टाय, प्रवेश फी, उत्कृष्ट वक्त्याची ढाल, सगळं साग्रसंगीत. आमच्या मॅडमना ती मराठीत हवी होती, बिनाटायची आणि फुकट.

खेळाचा मुख्य नियम एकच. 'मला वाटतं' असं म्हणायचं नाही. 'माझ्या देशाला वाटतं' असं म्हणायचं. देश चिठ्ठीने ठरतो. जो येईल त्याचं म्हणणं आपलं म्हणून मांडायचं, मनाला पटो वा न पटो. वाद घालायला शिकवणारे खेळ पुष्कळ आहेत. न पटणाऱ्या माणसाच्या आत जाऊन बसायला लावणारा खेळ मला हा पहिलाच दिसला.

विषय होता, एखाद्या राज्यात बिनदोष माणसं मारली जात असतील तर बाहेरच्यांनी सैन्य घेऊन आत शिरावं का? मॅडमच्या मनात रवांडा होता. मी म्हटलं, रवांडा मुलांना नकाशात शोधावा लागेल. त्यापेक्षा आपल्याच माणसांचं एक प्रकरण याच परिषदेपुढे गेलं होतं, ते घ्या. हैदराबाद, १९४८.

श्रोतेहो, मराठवाडा मुक्तिदिन १७ सप्टेंबरला असतो हे आपल्याला माहीत असतं. त्याच्या आदल्याच दिवशी, १६ सप्टेंबर १९४८ला, पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत हैदराबादवर बैठक सुरू होती हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. निजामाच्या सरकारने २१ ऑगस्टलाच परिषदेकडे तक्रार धाडली होती. बैठक भरली तेव्हा भारतीय फौजा आत शिरून तीन दिवस झाले होते. मुख्य तुकडी सोलापूरकडून घुसली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली.

विषय सुचवण्यामागे माझा एक खासगी हिशेबही होता. शाळेत कबड्डीत भांडण झालं की एखादा पोरगा मला 'रझाकार' म्हणायचा. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्या सात पिढ्यांत कोणी निजामाचं राज्य पाहिलेलं नाही. म्हणणाऱ्याला अर्थ माहीत नव्हता आणि मलाही नव्हता. पुढे बी.ए.ला असताना तो वाचनालयात शोधून काढला. शोधल्यावर बरं वाटलं असं नाही.

"सर, आपलं जंजिराही नवाबाचंच होतं ना? मग ते का नाही गेलं पॅरिसला?" एका मुलाने विचारलं. जंजिरा १९४८च्या सुरुवातीच्या महिन्यांतच विलीन झालं, लढाई न होता. हैदराबादची गोष्ट वेगळी. सोळा जिल्हे, त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. दीड कोटीहून अधिक प्रजा, बहुसंख्य हिंदू. सत्ता मुसलमान निजामाची. त्याला स्वतंत्र राहायचं होतं. त्याच्या पाठीशी, आणि हळूहळू त्याच्या डोक्यावर, कासिम रझवीची रझाकार संघटना. तिने गावं लुटली, माणसं मारली. हजारो लोक सरहद्द ओलांडून आपल्या बाजूला पळून आले. विलीनीकरण मागणारा मुसलमानही सुटला नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबाद शहरात भर रस्त्यावर ठार केलं गेलं, तेही त्याच ऑगस्टमध्ये, ज्या महिन्यात निजामाची तक्रार परिषदेकडे गेली.

माझं खरं काम शब्दांचं होतं. इंग्रजीत 'सिटिझन' आणि 'सिव्हिलियन' हे दोन निराळे शब्द. मराठीत दोघांनाही आपण नागरिक म्हणतो. पण नागरिक म्हणजे कुठल्या तरी देशाचा. युद्धात ज्याला वाचवायचं, तो कुठल्याच देशाचा नसला तरी चालतो. त्याच्या हातात हत्यार नाही एवढंच पुरे. आम्ही अर्धा तास घालवला. शेवटी एका मुलीने 'बिनहत्यारी' शब्द दिला. शब्दकोशात असो-नसो, मी तो ठेवून घेतला.

'हस्तक्षेपा'ने तर हसवलं. इंग्रजीतलं 'इंटरव्हेन्शन' डॉक्टरही करतो, त्यात मदतीचा वास येतो. मराठीत हस्तक्षेप म्हटलं की शेजारच्या भांडणात नाक खुपसणारा डोळ्यापुढे येतो. "म्हणजे सर, मानवतावादी नाक खुपसणं?" मागून आवाज आला. चूक म्हणता येईना.

आणि मग 'पोलीस कारवाई'. रणगाडे, तोफा, विमानं असताना हिला पोलीस कारवाई का म्हणायचं? कारण सैन्य जातं परक्याच्या घरात, पोलीस जातो आपल्याच घरात. शब्द मान्य केला की अर्धा वाद जिंकला. भारताची सगळी बाजू त्या एका शब्दात होती. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या दुसऱ्या कलमाचं सातवं पोटकलम सांगतं की कुठल्याही राज्याच्या घरगुती बाबीत संघाने हस्तक्षेप करू नये. हैदराबाद हे भारताचं घर असेल तर परिषदेचा संबंध नाही. ते वेगळं राज्य असेल तर भारत आक्रमक. बिनहत्यारी माणूस या दोन्ही वाक्यांत कुठे येतो, बघा. येतच नाही.

सतरा सप्टेंबरच्या आसपासचा एक शनिवार धरला. वर्गातली बाकं जोडून गोल केला. तेव्हा परिषदेत पंधरा नव्हे, अकराच सदस्य होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ, चीन हे कायमचे. अर्जेंटिना, बेल्जियम, कॅनडा, कोलंबिया, सीरिया, युक्रेन हे मुदतीचे. शिवाय भारत आणि हैदराबाद यांच्या दोन खुर्च्या. अध्यक्षाला आपटायला हातोडा लागतो. होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून एक मोगरी आणली.

हैदराबादच्या मोईन नवाज जंग यांची चिठ्ठी कोळीवाड्यातल्या एका मुलाला आली आणि भारताच्या रामस्वामी मुदलियार यांची चिठ्ठी आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलीला. मॅडमनी चिठ्ठ्यांत हात घातला असावा असा मला संशय आहे. त्या कबूल करत नाहीत.

वर्गात मुलं एकेचाळीस, खुर्च्या तेरा, त्यातली एक माझी. उरलेल्यांना मॅडम पत्रकार करणार होत्या. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पत्रकार कशाला इतके? आम्ही कोण ते सांगा ना." मी सहज बोलून गेलो, "तुम्ही गाव. उस्मानाबाद जिल्ह्यातलं. त्यात हिंदू, मुसलमान, सगळे." "मग आम्ही केव्हा बोलायचं?" नियमावली चाळली. गावाला बोलायची तरतूद नव्हती. ती मुलं भिंतीला टेकून बसली.

पहिलंच मतदान मी जवळजवळ घालवलं. विषय चर्चेला घ्यायचा की नाही यावर मत होतं. अकरापैकी सात हवीत. पॅरिसमध्ये आठ मतं बाजूने पडली, विरोधात कोणी नाही, चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ. आमच्याकडे हात वर आले सहा. म्हणजे सकाळी सव्वादहालाच परिषद आटोपली! मॅडमचा चेहरा उतरला. मी मोगरी आपटली आणि चहाची सुट्टी जाहीर केली. बाहेर वडापावच्या गाडीवर कॅनडाने बेल्जियमला पटवलं. कशावर पटवलं ते मी विचारलं नाही. खरं राजकारण बैठकीपेक्षा सुट्टीत होतं, हा धडा कुठल्याही पुस्तकाविना मिळाला.

मग भाषणं झाली. कोळीवाड्यातला मुलगा उभा राहिला. घरून निघताना आजोबांना म्हणे तो सांगून आला होता, की आज मी निजामाचा वकील आहे, रागावू नका. तो म्हणाला, तुम्ही आमच्याशी जैसे थे करार केलात नोव्हेंबर १९४७मध्ये, एका वर्षाचा. वर्ष संपायच्या आत रणगाडे आणलेत. त्याआधी आमची नाकेबंदी केलीत. औषधं अडवलीत. लहान राज्याने मोठ्या शेजाऱ्याविरुद्ध दाद मागायची तरी कुठे? वर्ग शांत झाला. बाजू कोणाची ते घटकाभर सगळे विसरले.

मुलीने उत्तर दिलं. हैदराबाद कधी सार्वभौम नव्हतंच, इंग्रजांच्या काळातही नाही. आमच्या घराच्या मधोमध आग लागली आहे, आम्ही विझवायला गेलो. "ज्यांची घरं लुटली ती माणसं आमच्याकडे आली आहेत. त्यांना मी काय सांगू, पॅरिसची बैठक संपेपर्यंत थांबा?" कोलंबिया झालेल्या पोराने टोकलं, मग काश्मीरचं गाऱ्हाणं तुम्हीच जानेवारीत परिषदेत का आणलंत? ती क्षणभर अडली. म्हणाली, तिथे हल्ला बाहेरून आला होता. बरी अडली होती ती. खरे मुत्सद्दीही तिथे अडलेच असतील.

पुढचं इतिहासानेच उरकलं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, २२ला त्याने तक्रार मागे घेतली. विषय परिषदेच्या यादीवर राहिला, थोडीफार चर्चा पुढेही झाली, पण प्रश्न संपला होता. मी मोगरी उचलली.

"सर, गाव अजून बसलंय," ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

आता मॅडमनी कागद काढला. पोलीस कारवाईनंतर काही महिन्यांत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची एक समिती पंडित नेहरूंच्या सरकारने हैदराबादेत पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. रझाकारांनी जे केलं त्याचा सूड त्या दिवसांत गावागावांतल्या मुसलमानांवर निघाला होता, बहुतेक अशांवर ज्यांनी हातात काठीही धरली नव्हती. संपूर्ण संस्थानात कारवाईच्या काळात आणि नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत असा समितीचा अंदाज. सर्वांत वाईट स्थिती चार जिल्ह्यांत: उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा. सैन्याच्या शिस्तीबद्दल समितीने सर्वसाधारणपणे चांगलंच लिहिलं, पण काही ठिकाणी गणवेशातली माणसं लुटीत सामील झाली हेही नोंदवलं. आणि असंही लिहिलं की कित्येक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवलं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले आणि त्यांतले काही मारले गेले. हा अहवाल दशकानुदशकं प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीतल्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला २०१३मध्ये.

भारताची झालेली मुलगी खाली मान घालून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मी खोटं बोलले का सर?"

नाही. तिचा एक शब्दही खोटा नव्हता. आग लागली होती, विझवायला जाणं भाग होतं, असं मी आजही मानतो. रझाकारांच्या राज्यात मराठवाड्याचा माणूस राहू शकत नव्हता आणि रामानंद तीर्थांसारखी माणसं उगीच तुरुंगात गेली नव्हती. पण कोणी कधी जावं यावर परिषदा भरतात, भाषणं होतात, मतं मोजली जातात. गेल्यानंतर पहिल्या महिन्यात कोणत्या गल्लीत कोण पहारा देणार, यावर कोणी बोलत नाही. पॅरिसमध्ये हैदराबादनेही ते विचारलं नव्हतं. त्याला आपलं राज्य वाचवायचं होतं, आपले मुसलमान विणकर नव्हेत.

गावाला बोलायची सोय नसते म्हणजे काय, हे मी घरी पाहिलंय. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा माझा मामू तिथे होता. आमच्या किनाऱ्यावर कुवेतचा पगार न येणारं घर शोधावं लागे. सुरक्षा परिषदेने चार दिवसांत इराकवर निर्बंध लादले. बरोबरच होतं. पण त्या निर्बंधांत अडकलेल्या आमच्या माणसांनी खायचं काय? आम्ही रेडिओला कान लावून बसायचो, ते युद्ध होणार का ऐकायला नव्हे, धान्याचं जहाज सुटलं का ऐकायला. बिनहत्यारी माणसांपर्यंत अन्न कसं पोचवायचं यावर परिषदेने ठराव केला तो सप्टेंबरमध्ये. मामू बगदादमार्गे बसने अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरला. त्या दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीय तसेच आले. घरी आल्यावर मामूने तीन दिवस कोणाशी शब्द काढला नाही.

जेवणानंतर मी मुलांना पुढची पन्नास-साठ वर्षं भराभर सांगितली. १९७१ला पूर्व बंगालचे सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. डिसेंबरमध्ये समर सेन यांनी परिषदेत भारताची बाजू मांडली, की आम्ही माणसं वाचवायला गेलो आहोत. सोव्हिएत नकाराधिकाराने भारत परिषदेत तरला. आमसभेत मात्र १०४ देशांनी युद्ध थांबवा, माघार घ्या असं सांगितलं, आपल्या बाजूने अकरा. १९९४ला रवांडात कत्तल सुरू असताना परिषदेने तिथलं शांतिसैन्य वाढवायचं सोडून २७०वर आणलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली. त्यानंतर जगाला थोडी लाज वाटली. १९९९मध्ये सिएरा लिओनला पाठवलेल्या शांतिसैन्याला बिनहत्यारी माणसांचं रक्षण करण्याचं काम पहिल्यांदा ठरावातच लिहून दिलं गेलं. २००५ला सगळ्या देशांनी मान्य केलं की आपल्या माणसांना वाचवणं ही प्रत्येक राज्याची जबाबदारी आणि ती त्याने उघडउघड टाकली तर ती जगाची.

२०११ला लिबियात ते वचन वापरलं. ठराव दहा मतांनी झाला, पाच देश तटस्थ राहिले, त्यांत भारत. ठरावात लोकांच्या संरक्षणाचा उल्लेख होता, राजवट पाडण्याचा नव्हता. पण राजवट पडली. परकी फौज जमिनीवर ताबा घेणार नाही हेही त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे वरून विमानं आली आणि खाली, नंतर, पहाऱ्याला कोणी नाही. लिबिया टोळ्यांच्या हातात गेला. मुलांना आता सांगावं लागलं नाही. "सर, हे तर आपल्या गावासारखंच झालं," सीरिया म्हणाला.

दुपारी तीनला मुलांनी स्वतःच एक ठराव लिहायला घेतला, कोणत्याही देशासाठी चालेल असा. हैदराबाद आणि भारत एकाच बाकावर बसून मसुदा करत होते. पहिलं कलम, आत जाण्याआधी परिषदेला कळवावं. यावर भारताने चांगलाच हट्ट केला. आग लागल्यावर अर्ज करायचा का? दुसरं कलम, आत जाणाऱ्याने सगळ्या बिनहत्यारी माणसांचं रक्षण करावं, ज्यांच्यासाठी आला त्यांचं आणि ज्यांच्यावर राग आहे त्यांच्यातल्यांचंही. हे भिंतीला टेकलेल्या गावाने चिठ्ठी पाठवून घातलं. नियमात बसत नव्हतं, अध्यक्षाने तिकडे काणाडोळा केला. तिसरं, पुढे काय झालं याची चौकशी व्हावी आणि अहवाल सहा महिन्यांत छापावा. सहा की तीन यावर वीस मिनिटं गेली. "पासष्ट वर्षांपेक्षा सहा महिने बरे," कॅनडा म्हणाला आणि वाद मिटला.

मतदानाला नऊ हात वर आले. चीन तटस्थ. सोव्हिएत संघ झालेला म्हसळ्याचा एक शांत मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "विरोध." म्हणजे नकाराधिकार. ठराव पडला. वर्गात गिल्ला झाला. गावातली दोन मुलं त्याच्या अंगावर धावली, मला मोगरी तीनदा आपटावी लागली. तो घाबरला नाही. "माझ्या देशाला हे परवडणार नाही," तो म्हणाला. "उद्या आम्ही कुठे शिरलो तर आम्हालाही लागू होईल ना." नियमाप्रमाणे तो बरोबर होता. सबंध दिवसात आपला देश त्याच्याइतका कोणीच समजून घेतला नव्हता.

साडेपाचच्या एसटीसाठी निघताना तो माझ्याजवळ आला. "सर, चिठ्ठीत मला गाव आलं असतं तर मी हात वर केला असता." मी त्याला म्हटलं, गावाला हात नसतात. तो हसला आणि पावसात पळाला.

मॅडम पुढच्या वर्षी रवांडा घेणार आहेत. मला पुन्हा अध्यक्ष होण्याचा आग्रह आहे. मी सांगून ठेवलंय, या खेपेला मला भिंतीकडेला बसवा.